फोरमनचे अळणी पान

कुत्र्याला खोकला होतो हे लोधीपुऱ्यात कोणी मानायला तयार नव्हते. घशात हाड अडकले असणार, असे बहुमत पडले. आमच्या घरात तीन पिढ्यांत हाड आलेले नाही, हे मी नम्रपणे सांगून पाहिले. पण बहुमतापुढे पुरावा टिकत नाही. शेजारच्या शोभाने हळद आणि मध आणून दिला. समोरच्या मालूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. शोभाचा नवरा ललित केळीचा व्यापारी आहे, आणि व्यापारी माणसाला निदान चटकन करावे लागते. तो म्हणाला, "काही नाही वैजूताई, गॅस आहे. आजकाल सगळ्यांना गॅसच असतो."

ज्याला गॅस होता तो फोरमन. पांढरा, झुबकेदार शेपटीचा, उशीपेक्षा थोडा मोठा आणि उशीपेक्षा बराच मानी. नाव नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलेले. नाना कागदाच्या मिलमध्ये होते. "जन्मभर मी फोरमनचं ऐकलं, आता फोरमन माझं ऐकेल," असे म्हणून त्यांनी पिल्लू घरात आणले. त्याने अर्थातच कधी ऐकले नाही. नाना गेल्या वर्षी श्रावणात गेले. मग घरात मी आणि फोरमन उरलो. दोघेही मुळात कमी बोलणारे.

खोकला थांबेना, तेव्हा मी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथे माझ्यापुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या होत्या. खिडकीवरच्या गृहस्थांनी नोंद करताना मान वर न करता विचारले, "दूध कितना देता है?" मी म्हटले, तो कुत्रा आहे. ते म्हणाले, "वो ठीक है, लेकिन कॉलम है ना." मी "शून्य" सांगितले. त्यांनी ते लिहिले आणि अशा भाकड जनावरावर मी खर्च का करते आहे, अशा नजरेने एकदा माझ्याकडे पाहिले.

डॉक्टर मात्र भले होते. त्यांनी नळी फोरमनच्या छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. कान देऊन ऐकणारा माणूस बऱ्याच दिवसांनी पाहत होते, म्हणून मला बरे वाटले. पण ते जितके जास्त ऐकत राहिले तितके बरे वाटेनासे झाले. "ताई, हृदयाची झडप गळते आहे असं वाटतं," ते म्हणाले. "लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत असतं हे. इको करून पाहावा लागेल. त्याची सोय आपल्याकडे नाही. इंदूरला आहे."

ही बातमी गल्लीत पोचायला मला घरी पोचण्याइतकाच वेळ लागला. "इंदूर काब्र?" ललित म्हणाला. "एवढं लांब कशाला? आपल्या गावात काय मशीन नाहीत? कुत्र्याचं हृदय ते हृदयच ना? माझ्या ओळखीचं सोनोग्राफी सेंटर आहे, माझं नाव सांग."

मी नाव सांगितले. काउंटरवरच्या मुलीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. फोरमन माझ्या खांद्यावरच्या मोठ्या पिशवीत झोपला होता, त्यामुळे तो तिला दिसला नाही, आणि मी खुलासा करण्याआधीच तिने टाइप करायला सुरुवात केली.

"पेशंट का नाम?"

"फोरमन."

"उमर?"

"अकरा."

"पिता का नाम?"

"ते लिहिणं जरुरी आहे का?"

"कम्प्यूटर आगे नहीं बढ़ता, मॅडम."

मागे रांग होती. मी म्हटले, "हिरामण."

अशा रीतीने फोरमन कागदोपत्री माझा भाऊ झाला. माझा पहिला भाऊ राहुल पुण्याला असतो आणि सणावाराला फोन करतो. हा निदान घरी तरी असतो.

आतल्या डॉक्टरांनी पिशवीतून वर आलेले डोके पाहिले आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. त्यांच्यामागे भिंतीवर, इथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, अशी मोठ्या अक्षरांतली पाटी होती. "मॅडम, मला जेलमध्ये पाठवता का?" ते म्हणाले. "ह्या मशीनचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. उद्या अधिकारी आले, विचारलं हे कोणाचं केलं, तर काय सांगू? कुत्र्याचं?"

"पण तो नर आहे," मी म्हटले. "ते आधीपासूनच माहीत आहे."

मी त्यांची अडचण कमी करायला गेले होते. त्यांना ते तसे वाटले नाही. बाहेर येऊन नोंदणी रद्द करायला सांगितली, तर ती मुलगी म्हणाली, त्यासाठी पेशंटची सही लागते. म्हणून ती तशीच राहिली आहे.

शेवटी ललितच्याच गाडीतून इंदूर गाठले. गाडीला पिकल्या केळ्यांचा वास होता, आणि ललितला वाटेतल्या प्रत्येक घाटाबरोबर नवी कल्पना सुचत होती. "शेतातल्या ड्रिपचा व्हॉल्व्ह गळला तर आपण काय करतो, ताई? वायसर टाकतो. नाही जमलं तर नवा बसवतो. दापोऱ्याला माझा एक माणूस आहे, असे व्हॉल्व्ह बसवतो की पाच पाच वर्षं थेंब येत नाही." मी त्याला तो माणूस हृदये करतो का, असे विचारले नाही. तो हो म्हणाला असता, अशी मला भीती होती.

इंदूरच्या डॉक्टर अर्चनांनी फोरमनच्या छातीचे केस कापले, त्याला आडवे धरले आणि पडद्यावर मला त्याचे हृदय दाखवले. ललितची उपमा फारशी चुकीची नव्हती, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागले. डाव्या बाजूची झडप जाड झाली होती आणि नीट मिटत नव्हती. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे फिरत होते. त्यामुळे हृदय फुगले होते, फुगलेले हृदय श्वासनळीला दाबत होते, म्हणून खोकला. पुढची पायरी म्हणजे फुप्फुसात पाणी.

"झडप बदलता येत नाही का?" मी ललितच्या वतीने विचारले.

"परदेशात करतात. आपण औषधांवर चालवू. एक गोळी हृदयाला जोर द्यायला, एक पाणी काढायला, आणि एक फुप्फुसातला दाब कमी करायला. पळवायचं नाही, जिन्यावर चढू द्यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. मीठ बंद, अगदी बंद. आणि झोपला असताना श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर गेले की मला फोन."

"आणि किती..." मी म्हटले.

"काही वर्षभर काढतात, काही दोन. काहींना डॉक्टरांना खोटं पाडायची हौस असते," त्या म्हणाल्या. "हा त्यांतला वाटतो."

आता त्या तिसऱ्या गोळीविषयी. तिचे नाव सिल्डेनाफिल. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करायला ती देतात, हे मी घरी येऊन नीट वाचले. जगात मात्र ती पुरुषांच्या एका वेगळ्याच अडचणीसाठी प्रसिद्ध आहे, हेही मला वाचूनच माहीत होते. ती मला, सेहेचाळीस वर्षांच्या अविवाहित ग्रंथपाल बाईला, भर बाजारात भर संध्याकाळी मागायची होती.

योगेंद्रच्या औषधाच्या दुकानात गर्दी होती. त्याने कागद वाचला, परत वाचला आणि आवाज खाली आणला. आमच्या गावात कोणी आवाज खाली आणला की मागची रांग शांत होते.

"ताई, ही गोळी... कोणासाठी पाहिजे?"

"कुत्र्यासाठी."

"कुत्र्यासाठी?"

"हृदयासाठी देतात."

"सगळे हृदयासाठीच सांगतात, ताई," योगेंद्र समजूतदारपणे म्हणाला. "त्यात लाजायचं काही नाही. दुखणं आहे." आणि त्याने ती पाकिटे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून दिली. बाकीची औषधे त्याने तशीच उघडी दिली, म्हणजे कोणते पाकीट लाजण्यासारखे आहे याविषयी कोणाचा गैरसमज राहायला नको.

दुसऱ्या दिवशी मालूबाई येऊन बसल्या. चहा झाला. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "चांगलं झालं, माय. एकटं राहून काय मिळतं? नानांचाही जीव तुझ्यातच अडकलेला होता. कोण आहे?"

"कोणी नाही, काकू. गोळी फोरमनची आहे."

"हो हो. कुत्र्याचं नाव पुढे केलंस ते शहाणपणाचं केलंस," मालूबाई म्हणाल्या. "पण वय काय त्यांचं? फार म्हातारा नको करून घेऊ."

त्यांना इतका आनंद झाला होता की तो मोडवेना. पुढचे काही आठवडे गल्लीतल्या बायका माझ्या दाराकडे सारख्या पाहत होत्या. कोणी आले नाही. मला त्यांच्यासाठी वाईट वाटू लागले.

औषधे मात्र लागू पडली. खोकला कमी झाला. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयातून आले की मी त्याला दुधीभात भरवायची, बिनमिठाचा, आणि तो झोपला की शेजारी बसून घड्याळ लावून श्वास मोजायची. छाती वर आली की एक. बावीस, चोवीस, कधी वीस. वाचनाची सवय असलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट इतका वेळ बघत बसणे जमत नाही, असा माझा समज होता.

भाद्रपदात पितृपक्ष लागला आणि सगळे बिघडले.

श्वास अठ्ठावीसवर गेले, मग चौतीस. फोरमनने दुधीभात सोडला. ताट पुढे केले की तोंड फिरवायचा. आडवे पडणे त्याला जमेना. पुढचे पाय फाकून, मान लांब करून बसून राहायचा आणि तसाच डुलक्या घ्यायचा. मी डॉक्टर अर्चनांना फोन केला. त्यांनी पाण्याची गोळी वाढवायला सांगितली. "मीठ जात नाहीये ना कुठून?" त्यांनी विचारले. मी जरा दुखावूनच म्हटले, घरात मी एकटी आहे, मी सोडून त्याला कोण देणार. त्या म्हणाल्या, "मग आजार पुढे सरकला असेल. दोन दिवस पाहू. फरक नाही पडला तर इथे आणून ऑक्सिजनवर ठेवावं लागेल. आणि वैजयंतीताई, मनाची थोडी तयारी ठेवा."

मी तयारी ठेवायला बसले. ती कशी ठेवतात हे मला एव्हाना यायला हवे होते. पण फोरमनच्या बसायच्या जागेकडे पाहिले की तो नसलेली नुसती फरशी डोळ्यांपुढे यायची, आणि मी उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

दुसऱ्या दिवशी कोणा माजी आमदारांच्या निधनाची सुट्टी झाली आणि कॉलेज दुपारीच सुटले. गल्लीत वळले तर आमच्या खिडकीपाशी तीन बायका रांगेत उभ्या. सगळ्यांत पुढे मालूबाई, डोक्यावर पदर, हातात पत्रावळ. डॉक्टरांच्या सांगण्यावरून उघड्या ठेवलेल्या त्या खिडकीच्या गजांतून हात घालून त्या अदबीने म्हणत होत्या, "गोदाबाई, या, जेवा. वडे तुम्हाला कडक लागायचे, कडकच तळलेत. आता बोल लावू नका." आत, खिडकीला लागून असलेल्या पलंगावर, मालूबाईंच्या कैलासवासी सासूच्या वतीने फोरमन वडा खात होता. मालूबाईंमागे शोभा, केळीचे खारे वेफर घेऊन. तिच्या सासऱ्यांना, देवरामकाकांना, वेफरशिवाय घास जात नसे. तिच्यामागे कोपऱ्यावरच्या आशाबाई, कढीची वाटी सांभाळत.

"काकू," मी म्हटले, "हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? कुत्र्याचा घास," मालूबाई म्हणाल्या. "कावळे आता येतात कुठे? गायीची वाट पाहत उन्हात उभं राहावं लागतं. बाहेरचे कुत्रे तर पान फाडून भांडतात, पितरांना बरं वाटेल का ते? तुझा फोरमन शहाणा आहे. हळू खातो, नंतर ओठ पण चाटून घेतो. सगळ्या गल्लीचं समाधान झालं बघ."

पौर्णिमेपासून रोज. गल्लीतले एकूण एक सासरे, सासवा, चुलते आणि एक बालपणी वारलेली आत्या माझ्या खिडकीत येऊन जेवून गेली होती. वडे, भजी, कढी, पापड. तो दुधीभात खात नव्हता याचे कारण तो तृप्त होता. त्याच्या फुप्फुसांत चढलेले पाणी हे निम्म्या लोधीपुऱ्याच्या पूर्वजांचे होते.

मी रागवायला तोंड उघडले होते. निघाले ते दुसरेच. "काकू, ह्याच्या छातीत पाणी भरतंय. मिठाने. हा मरेल."

हे वाक्य मी डॉक्टरांपुढेही उच्चारले नव्हते. शोभाने वेफरचा हात पाठीमागे नेला. फोरमन तेवढ्यात खोकला. लांब, ओला खोकला.

"मग सांगितलं काब्र नाही, पोरी?" मालूबाई म्हणाल्या.

"कोणाला सांगणार?"

"कोणाला म्हणजे? आम्ही काय शाहपुरला राहतो? हे समोर दार आहे माझं."

मी समोरच्या दाराकडे पाहिले. ते तिथे होते खरे.

घास बंद करावा, एवढेच माझे म्हणणे होते. पण अर्धा पंधरवडा झालेला, पुढच्या तिथ्यांचे पितर अजून रांगेत. त्यांना दारातून परत पाठवायचे कोणी? मी म्हटले, निदान अळणी द्या. त्यावर आशाबाईंनी शंका काढली, की अळणी तर सुतकात खातात, पितरांना चालेल कसे? निकाल मालूबाईंनीच दिला. "आमच्या गोदाबाईंना बीपी होता. देवरामकाकांना बीपी, आशा, तुझ्या सासूला बीपी. खाली कोणी पथ्य पाळलं नाही, म्हणून तर वर गेले. आता वर तरी पाळू द्या. एक घास, बोटभर, अळणी. वेफर घरी न्या."

संध्याकाळपासून तेच झाले. वाढवलेली गोळी आणि पितरांचे पथ्य, यांतल्या कशाने किती गुण आला हे डॉक्टर अर्चनांनाही सांगता आले नाही. मी सगळे सांगितल्यावर त्या फोनवर इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. चौथ्या दिवशी फोरमन आडवा झोपला.

दशमीला सकाळी मालूबाई आणि शोभा दारात. "आज नानांची तिथी ना? तुझं पान?"

"राहुल करतो पुण्याला," मी म्हटले.

"राहुल करतो पुण्याला. ज्याने खायचं तो इथं बसलाय," मालूबाई म्हणाल्या.

माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही. मी बरेच वाचले आहे. तरी मी भात लावला, खीर केली, चार वडे तळले, कशातही मीठ नाही. पान वाढून फोरमनपुढे ठेवले आणि म्हटले, "खा."

तो पानाकडे पाहत राहिला.

"असं नाही," मालूबाई हळूच म्हणाल्या. "ज्याचं पान त्याला हाक मार. जेवायला बोलावतात तशी."

दोघी दारात उभ्या होत्या. मला संकोच वाटला. घसा साफ केला, आणि नाना असताना रोज स्वयंपाकघरातून मारायची तीच हाक मारली, "नाना, जेवायला चला."

ह्या घरात तो शब्द वर्षभर कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. फोरमनचे कान उभे राहिले. मग तो धावला. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत आतल्या खोलीत गेला, पलंगाखाली शिरला, बाहेर आला, न्हाणीघराचे दार हुंगले आणि शेपटी हलवत दोघींच्या पायांमधून पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तिथे खोकल्याने त्याला गाठले. खोकला थांबल्यावर तो उंबऱ्यापाशी नीट बसला आणि गल्लीच्या टोकाकडे बघू लागला.

शोभाने पदर तोंडाला लावला. मालूबाईंनी तिला कोपराने ढकलले आणि दोघी उंबरा ओलांडून गेल्या.

मी पान उचलून दाराशी नेले आणि त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघे रस्ता पाहत होतो. एक केळीची गाडी गेली. शाळेच्या पोरी गेल्या. त्याची छाती हळूहळू शांत झाली, पण मान हलली नाही. मग मी वडा कुस्करून भातात कालवला, एक घास माझ्या तोंडात घातला, एक त्याच्यापुढे धरला.

"त्यांना उशीर होईल," मी म्हटले. "आपण जेवून घेऊ."